तिचं माप चुकत नाही

बटणं आणायला म्हणून तो दुपारी बाहेर पडला होता. काळी, चार भोकांची, कोटाची. हुकूम बायकोचाच. हल्ली ती त्याला नवरा म्हणून ओळखत नव्हती. दुकानातला नोकर समजून ‘भाऊ’ म्हणायची. लग्नाच्या बायकोनं भाऊ म्हणायचं, घ्या! पण हुकूम सोडायची तो अगदी पूर्वीसारखा, आणि तोही मुकाट पळायचा. जन्मभर पावाची भट्टी सांभाळलेला, पिंपासारखा गडी, पण तिच्यापुढे मांजर.

आणि का नसावं? अख्ख्या गावात कोट शिवणारी बाई ती एकटी. तिच्या हातचा कोट एकदाही दुरुस्तीला परत आला नव्हता. शेजारी तिची तब्येत विचारायचे तेव्हा हा छाती काढून सांगायचा, “आम्हाला जरा विसर पडतो. पण माप? माप नाही चुकत आमचं.” लेक म्हणायची, “बाबा, तुम्हाला झेपत नाही, आईला संस्थेत ठेवू.” तो तिला उडवून लावायचा. हिच्यामागे एक दिवस तरी आपण उरावं, हिला परक्या हाती सोडून आधी जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

बटणं घेऊन तो परतला तर घर गप्प. शिलाई मशीन थांबलेलं. ओल्या लोकरीवरून इस्त्री फिरल्याचा वास, आणि पडद्याआडून तिचा हलका आवाज...

“श्वास सोडा. पोट आत ओढू नका, सगळेच ओढतात.”

त्यानं पडदा सारला. खोलीत ती एकटीच होती. टेपचं एक टोक तिच्या चिमटीत होतं. दुसरं... दुसरं हवेत होतं, पुरुषाच्या खांद्याइतक्या उंचीवर, कुणीतरी धरल्यासारखं.

“भाऊ, बाजूला व्हा. गिऱ्हाईक उभं आहे,” ती म्हणाली. “डावा खांदा उतरलाय यांचा. आणि किती वाळलेत हो...”

पळून जावंसं वाटलं. पण तिच्या हातांकडे लक्ष गेलं. चहाचा कप धरताना थरथरणारे ते हात, या क्षणी अगदी स्थिर होते. भीती होतीच, पण अभिमान त्या भीतीहून मोठा. त्यानं तिला खडू दिला.

कोट झाला, खुंटीवर लागला. “कधी नेणार?” त्यानं दबकत विचारलं.

“घाई नाही म्हणाले. अंगाला बसेल तेव्हा नेतील.”

ती झोपल्यावर त्यानं गंमत म्हणून घालून पाहिला. बाही कोपराशीच अडली. तो पोट धरधरून हसला.

मग एक दिवस तो न्हाणीघरात घसरला. हाड जुळलं, पण डावा खांदा जरा खालीच राहिला. त्यानंतर अन्न जाईना. पोट उतरत चाललं. लेकीला त्यानं पत्ता लागू दिला नाही. कोट मात्र तो अधूनमधून चढवून बघायचा. एकदा बाही वर सरकली. पुढे एक बटण लागलं.

आज सगळी लागली.

तो आरशासमोर उभा राहिला. डाव्या खांद्यावर एकही सुरकुती नव्हती. आपण आधी जाणार? मग हिचं कसं? आणि तरी तोंडातून निघालंच, “वा! काय बसलाय!”

मागून ती आली. कॉलर सारखी केली, खांद्यावरचा दोरा झटकला, आणि त्याच्याकडे बघत राहिली.

“आलात? किती वाट बघायला लावलीत, अहो!”

भाऊ नव्हे. अहो. त्याचे डोळे भरून आले. तोवर ती रिकाम्या खोलीकडे वळलीसुद्धा.

“जरा थांबा हं. या बाईंचंही माप घ्यायचंय. तुमच्याबरोबरच निघायचं म्हणतात...”

टेपचं दुसरं टोक हवेत अलगद टेकलं. तिच्याच खांद्याच्या उंचीवर.

तिचं माप चुकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं खडू पुढे केला.