तेल-चुन्याचे अंगठे

साखरबाईच्या मेलेल्या नवऱ्याला धनुर्वाताची सुई वेळेवर मिळाली होती. नवापूरच्या दवाखान्याची वही तसं सांगत होती, आणि मुंबईच्या ट्रस्टकडून तपासणीला आलेले टिपणीससाहेब ती मोठ्याने वाचत होते.

“रामू. वय चाळीस. पायात गंजका खिळा. सुई दिली. अंगठा.”

दवाखान्यामागे बोंबील वाळवणारी साखरबाई टोपली टाकून पुढे आली.

“खोटा हाय सायेब! ‘सुई संपली’ बोलून परत धाडला. सा दिवसांत कमान होऊन मेला माजा माणूस.”

नर्स मंगला बाजूलाच उभी होती. गेले दोन महिने साखरबाई हिच्याच नावाने बोटं मोडत होती. आता तिने सरळ तिचा अंबाडाच धरला. टिपणीसांनी मध्ये पडून दोघींना सोडवलं.

“बाई, नाव तुम्ही लिहिलंत?”

“हो. रोगी आला की नाव लिहायचं, सुई दिली की अंगठा घ्यायचा. कपाटात सुयाच नव्हत्या. अंगठ्याची जागा मी कोरी ठेवली होती.”

“मग अंगठा आला कुठून?”

“ठाऊक नाही. सुया नाहीत म्हणून दवाखान्याच्या मंडळाला दोनदा लिहून दिलं. उत्तर नाही.”

“वही-सुयांच्या कपाटाच्या किल्ल्या किती?”

“तीन. एक माझ्याकडे, एक बोईसरला सेक्रेटरी दामोदरपंतांकडे, एक जानूभाऊंकडे.”

दामोदरपंत रुमालाने मान पुसत होते. जानू म्हणजे रामूचा सख्खा धाकटा भाऊ, मंडळाचा दहा वर्षांचा विश्वासू माणूस. तो खाली मान घालून उभा होता.

“वही दावा मना,” साखरबाई म्हणाली.

तिला अक्षर येत नव्हतं, पण अंगठे कळत होते. रामूच्या नावापुढचा निळा ठसा तिने डोळ्यांजवळ नेला.

“ह्यो त्येंचा नाय.”

“कशावरून?”

तिने शाईच्या गादीवर आपला अंगठा दाबला आणि कागदावर उठवला. नुसता डाग. रेघ म्हणून नाही.

“मिठानं खाल्ला. पोरांच्या बापाचा दोरानं खाल्लेला. जाळा वढणाऱ्याच्या बोटाला रेगा उरत नाय, सायेब. आनि हिते बगा, कशा उठल्यात.”

टिपणीसांनी चष्मा पुसून पानं चाळली. बासष्ट नावं, सगळी मच्छिमारांची. बासष्ट ठशांत बारीक रेषा. आणि प्रत्येक ठशातून गेलेला एकच तिरका वण.

“म्हणजे सगळे एकाच माणसाचे! तिघांनीही अंगठे दाखवा.”

मंगलाचा अंगठा स्वच्छ. दामोदरपंतांचाही. जानूच्या अंगठ्याला चिंधी होती. सोडली तर खाली कातडी सोललेली, लालबुंद.

“सकाळी डांबर तापवताना भाजला,” जानू म्हणाला.

“भाजणं हा काही गुन्हा नाही,” दामोदरपंत पुटपुटले. टिपणीसही घुटमळले.

साखरबाई मात्र थंड झाली होती. सकाळचं भांडण तिला आठवलं. पाहुणे येणार म्हणून जानू मागच्या दाराला डांबर फासायला निघाला होता. तिचे बोंबील दाराला टेकून होते. ती हलली नाही, शिव्या देऊन तो परत गेला होता. जे दार पाहुणा कधी बघणार नाही, त्याची एवढी घाई कशाला?

“मागं चला,” ती म्हणाली.

बोंबील बाजूला झाले. जुन्या, काळवंडलेल्या दारावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा होत्या. ट्रस्टचा पैसा येण्याआधी नवापूरचा दवाखाना मासळीवर चाले. दर होडी आठवड्याला एक टोपली देई. टोपली दिली की होडीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, फटी बुजवायच्या तेल-चुन्यात अंगठा बुडवून दारावर उठवी, आणि रांगेच्या शेवटी टोपल्या घेणारा आपला अंगठा उठवी. तीन वर्षांपूर्वी मंडळाने ते बंद केलं. मुंबईचा ट्रस्ट औषधही देतो आणि वहीतल्या दर अंगठ्यामागे दोन रुपयेही, मग मासळीचा वास कशाला?

“तवा देणारा रोज दारात उबा ऱ्हायचा,” साखरबाई म्हणाली. “सुई नसली तर गळा धरायचा. आता देणारा मुंबैला, त्याला नुसतं अंगठं दिसतात. चोराला आनि काय पायजे?”

तिने रांगांवरून बोट फिरवलं. “ह्ये सगळं तांडेलांचं. नुसतं डाग. आता शेवटचा बगा. टोपल्या घेनाऱ्याचा.”

पहिल्या वर्षी तोही डागच होता, मधून तिरका वण गेलेला. पुढच्या वर्षी पुसट रेषा. शेवटच्या रांगेत रेषा लख्ख उठल्या होत्या, आणि वण तोच.

टिपणीसांनी वही दाराला लावली. दोन्ही ठसे जुळले.

“टोपल्या कोण घेत होतं?”

एव्हाना जमलेलं सगळं गाव जानूकडे बघत होतं.

“जाळा सोडला, खुर्ची घेतली, तशा भावजींच्या रेगा परत उगवल्या,” साखरबाई म्हणाली. “सुया कुटं गेल्या, भावजी?”

जानूने हात जोडले. “बोईसरला... एका ठेकेदाराच्या डॉक्टरला. पेटीमागं चाळीस रुपये. वयनी, दादाला खिळा लागंल ह्ये मना काय ठावं? पेटी आदीच गेलेली. मी खांदा दिला दादाला!”

“दिलास. आनि सुतक फिटायच्या आत त्याच्या नावापुडं अंगठाबी दिलास. दोन रुपयांसाटी.”

टिपणीसांनी दामोदरपंतांना पोलीस आणायला पिटाळलं. साखरबाईने मंगलाचा सुटलेला अंबाडा नीट बांधून दिला. मग कुणाच्या तरी होडीवरून तेल-चुन्याची वाटी आली. तिने जानूचं मनगट धरलं आणि भाजलेला अंगठा चुन्यात बुडवला. तो किंचाळला. तिला बरं वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

शेवटच्या रांगेत रामूचा ठिपका होता. त्याच्याखाली तिने तो अंगठा दाबून धरला, बराच वेळ.

“ह्या दाराला डांबर लागनार नाय,” ती गावाला म्हणाली. “आनि उद्यापासून टोपली चालू. पयली माजी.”