हिरव्या टेबलापाशी

“इंग्रजांना भिऊन आमची थोरली बोटीवरनं परत आली रेऽऽ!”

बापाचा तो गडगडाटी आवाज डेन्मार्कमधल्या एस्ब्येर्गच्या बंदरावर घुमला, त्याला किती वर्षं लोटली! बाप गेला, इंग्लंडला जाणारी ती बोटही बंद पडली... पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की तो आवाज अजून टोवेच्या कानांवर लाटेसारखा येऊन आदळे.

आज तर तो सकाळपासून थांबेचना. कपातली कॉफी निवून गेली, तरी ती पुस्तकाचीच पानं उलटत होती. आज तोंडी परीक्षा! इंग्रजीत पास झाली, तर पन्नाशीनंतर का होईना, नर्सिंगच्या कॉलेजचं दार तिच्यासाठी उघडणार होतं. नाही तर आहेच वृद्धाश्रमातली मदतनिसाची नोकरी, दुसऱ्यांनी सांगायचं आणि आपण चादरी बदलायच्या... शेवटपर्यंत!

इतक्यात धाकटी बहीण व्हिबेके आत आली. ओऱ्हूस शहरातल्या एका शाळेत ती इंग्रजीच शिकवायची.

“चल, मीही येतेय.”

“कुठं?”

“परीक्षेला! तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, विसरलीस? मागच्या खुर्चीत गुपचूप बसेन.”

टोवेनं पुस्तक मिटलं. “नको गं... तू समोर असलीस की माझी जीभ टाळ्याला चिकटते.”

“का? पुन्हा पळायचा बेत आहे वाटतं? आता बंदरात बोटसुद्धा नाही हो बाई!”

व्हिबेके हसली. टोवेही हसली. या थट्टेवर हसता हसता तिचं तारुण्य सरलं होतं. आत काय तुटतंय ते ओठांना कळू द्यायचं नाही, हे तिला चांगलं साधलं होतं.

परीक्षेच्या खोलीत टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं होतं. पलीकडे तिची शिक्षिका आणि बाहेरगावहून आलेल्या, रुपेरी केसांच्या परीक्षक बाई. मागच्या खुर्चीत व्हिबेके येऊन बसलीच होती. टोवेनं चिठ्ठी उचलली. गाव सोडून निघालेल्या एका मुलीवरचा उतारा निघाला. तयारीची वेळ संपली, पाठ केलेली वाक्यं कशीबशी बोलून झाली... आणि परीक्षक बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला.

“आणि तुम्ही? तुम्ही कधी घर सोडून जायचं ठरवलं होतं?”

मागची खुर्ची करकरली. टेबलाखाली टोवेची पावलं केव्हाच दाराकडे वळली होती. ऊठ, जा निघून... पुन्हा हसतील, हसू देत!

आपल्या भाषेत या प्रश्नाचं उत्तर तिनं आयुष्यभर गुळगुळीत केलं होतं. पण खोटं सजवून सांगायला शब्दांची श्रीमंती लागते. या परक्या भाषेत ती गरीब होती. तिच्याजवळ होते थोडेसे, साधे, रोजचे शब्द. त्यांत खरं तेवढंच मावत होतं...

“हो,” ती अडखळत इंग्रजीत म्हणाली. “इंग्लंडला. नर्स व्हायला. तिकीट होतं. आई फार आजारी होती. बाबा समुद्रावर. बहीण लहान. मी थांबले. सगळ्यांना सांगितलं, मला भीती वाटली. ते खरं नव्हतं.”

“मग असं का सांगितलंत?” बाईंचा आवाज हळुवार झाला.

“नाही तर बहिणीला वाटलं असतं... तिच्यामुळे. ती फार लहान होती.”

“आणि आज?”

“आज भीती वाटते. खूप वाटते.”

मागे खुर्ची सरकली. दार उघडलं, मिटलं.

निकाल ठरेपर्यंत टोवेला बाहेर थांबायला सांगितलं. व्हिबेके खिडकीच्या काचेला कपाळ टेकून पाठमोरी उभी होती. काय करून बसलो आपण! जे जन्मभर झाकून ठेवलं, ते चारचौघांत उघडं टाकलं... आता ही तुटणार, कायमची दुरावणार! निकालाचं भय त्या भयापुढे फिकं पडलं.

आतून हाक आली. टोवे गेली, आणि जरा वेळानं बाहेर आली.

“पास झाले गं...” ती पुटपुटली. “व्हिबेके, मी बोलायला नको होतं. तुला आता ठाऊक...”

“मला ठाऊक होतं!” व्हिबेके वळली. चेहरा आसवांनी न्हालेला. “तेव्हापासून ठाऊक होतं, टोवे! ‘पोरीला कळू देऊ नकोस,’ असं तू आईला सांगत होतीस, तेव्हा मी दाराआड होते. बाबा हसले, मीही हसले... आणि हसतच राहिले! तुझे आभार मानायचे, तर तुझं अख्खं आयुष्य मी घेतलं हे कबूल करावं लागलं असतं... आणि त्याचीच गं मला भीती वाटत आली!”