विंचरलेली वाळू

"आजही शून्य," आत्या म्हणाली आणि तिने वहीत गोल काढला.

आत्या मुशीचा, म्हणजे छोट्या शार्कचा, अभ्यास करते. या खाडीतली मुशी चामड्यासारख्या पिशवीत अंडं घालते. पिल्लू बाहेर पडलं की रिकामी पिशवी किनाऱ्याला लागते. अशा पिशव्या सापडल्या तरच ती खाडी राखीव होणार होती, नाहीतर बोटींसाठी तिचा तळ उपसणार होते. अधिकारी उद्या अकराला येणार, आणि दोन महिने वहीत नुसते गोलच. आत्याचा चहा तसाच गार झाला. तिच्याबरोबर किनाऱ्यावर आलेल्या तिन्ही भाचरांना फार वाईट वाटलं.

"ताई, इथे वाळूला कुणी भांग पाडलाय का?" ढब्बूने विचारलं.

ताईने वाकून पाहिलं. बारीक सरळ रेघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "खेकड्याचं एक बीळसुद्धा नाही. ढब्बू, कधी नव्हे ते तुझं डोकं चाललं."

दुसऱ्या दिवशी ताई, ढब्बू आणि धाकटी चिमणी सहालाच खडकामागे दबा धरून बसली. शेजारच्या विश्रामगृहाचे व्यवस्थापक स्वतः दाताळं ओढत आले आणि किनारा चकाचक करून गाडाभर शेवाळ घेऊन गेले. आत्या नऊला येणार, तेव्हा उरणार काय, कपाळ!

मुलं मागोमाग गेली. स्वयंपाकघरामागे भला मोठा ढीग होता आणि त्यात काळ्या पिशव्याच पिशव्या.

"आत्ताच भांडलो तर हे व्यवस्थापक काका हात झटकतील," ताई कुजबुजली.

चिमणी साळसूदपणे पुढे झाली. "काका, अकराला मोठे साहेब येणार आहेत. त्यांना तुमची स्वच्छता दाखवाल?"

काकांची छाती फुगली. अकराला ते साहेबांना आणि आत्याला ढिगापाशी घेऊन आले. "दोन महिन्यांत एक दिवस चुकलो नाही. खाडीतला सगळा कचरा इथे."

"दुसरीकडचा काहीच नाही?" ताईने विचारलं.

"छे, दुसरीकडे कोण झाडतो?"

आत्या तिथेच बसून पिशव्या मोजायला लागली. तीनशेच्या पुढे गेली तरी ती थांबेना. काका ओशाळले. "मला वाटलं, रबर आहे."

"चूक माझीही आहे. मी कधी नऊच्या आधी आलेच नाही," आत्या म्हणाली. "पोरांनो, मी पाणी बघत बसले. वाळू तुम्ही बघितलीत."

साहेबांनी तिघांची पाठ थोपटली. मग चिमणीने बादली पुढे केली. त्यात सकाळच्या ढिगातली एक ओली, जड पिशवी होती. साहेबांनी ती उन्हाकडे धरली. आत एक इवलीशी शेपटी वळवळली.

"आधी हिला पाण्यात सोडू," साहेब हळूच म्हणाले. "खाडी राखीव करायच्या कागदावर सही मी तिथेच उभ्या उभ्या करतो."