कात्रीबाईचे रविवार

“अहो, कान जाईल त्यांचा…”

त्याच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. ओळख ना पाळख, आणि मी आमच्या गॅलरीतून थेट गल्लीपलीकडे ओरडले होते. समोरच्या गॅलरीत गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून तिथले अण्णा बसले होते आणि त्यांचा मुलगा स्वयंपाकघरातली कात्री घेऊन त्यांच्या डोक्यावर तुटून पडला होता. तापाची साथ आल्यापासून सगळं गाव दाराआड होतं. खालचं माझं केस कापायचं दुकानही महिनाभर बंद. कात्री अशी धरलेली बघून मला काही राहवलं नाही.

त्याने मान वर केली. गल्ली इतकी अरुंद की त्याच्या कपाळावरचा घामही दिसला… आणि डोळे. डोळे जरा जास्तच दिसले.

“मग तुम्हीच सांगा ना कसं ते,” तो म्हणाला.

सांगितलं. कंगवा आडवा धरा, त्याच्यावर येतील तेवढेच केस कापा, घाई करू नका. तासाभराने अण्णांनी आरसा पाहिला आणि जाहीर केलं, की उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय खरं, पण डोकं हलकं झालं.

पुढच्या रविवारी शेजारच्या मावशींनी आपल्या नवऱ्याला गॅलरीत आणून बसवलं. त्याच्या पुढच्या रविवारी एकही गॅलरी रिकामी नव्हती. मी हुकूम सोडायचे आणि बायका नवऱ्यांची, लेकी आयांची डोकी ताब्यात घ्यायच्या. माझं नाव पडलं कात्रीबाई. कापलेले केस वाऱ्यावर तरंगत खाली उतरायचे आणि चिमण्या ते चोचीत धरून घरट्याकडे न्यायच्या. वर्षानुवर्षं जिन्यात नुसती मान हलवणारी माणसं आता दोरीला पिशवी बांधून एकमेकांना औषधं पाठवत होती. इतक्या भीतीच्या दिवसांत आपल्याला इतकं छान वाटावं, याची मला लाजच वाटायची.

आणि तो… पुलांचे आराखडे काढणारा माणूस. अण्णा आजारी पडले म्हणून दूरच्या शहरातून धावत आला आणि इथेच अडकला. रस्ते उघडले की तो जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी रोज संध्याकाळी तो कात्रीबद्दल काहीतरी शंका काढायचा आणि मी रोज उत्तर द्यायला हजर.

“दुकान थाटायचा विचार आहे का तुमचा?” एकदा मी विचारलं.

“नाही. मास्तरीण चांगली मिळालीय… म्हणून शिक्षण लांबवतोय.”

मी उगाच वाळलेले कपडे पुन्हा झटकत बसले.

पण खरी फसले ती एका रविवारी. तळमजल्यावरची नर्सताई इस्पितळातून येऊन एकटीच राहायची, कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही. टोपीखाली वेणी दिवसभर घामाने भिजते, कापूनच टाकते म्हणाली. अंगणात आरसा टेकवून ती बसली, मी वरून सांगू लागले. वेणीला कात्री लावली मात्र, तिचे डोळे भरून आले, आणि सगळी गल्ली तिच्याकडे बघत होती. तेव्हा त्याने आपली खुर्ची उचलली आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. मग अण्णांनी पाठ फिरवली, मग मावशींनी. बघता बघता साऱ्या गॅलऱ्या पाठमोऱ्या झाल्या आणि तिला मनसोक्त रडता आलं. त्याच घटकेला त्या पाठमोऱ्या माणसावर माझा जीव जडला.

साथ ओसरली. दुकान उघडलं त्या सकाळी पहिला तोच आला, मागे अख्खी गल्ली रांगेत. इतके महिने लांबून पाहिलेले त्याचे केस आता माझ्या बोटांत होते. मऊ होते. दुपारची गाडी आहे, असं त्याने आरशातून सांगितलं आणि माझा हात थांबला.

बाहेर कुणीतरी उशीर होतोय म्हणून कुरकुरलं.

“सावकाश होऊ दे गं,” मावशी म्हणाल्या. “आम्हाला कुठे गाडी गाठायचीय?” आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

“इथल्या ऑफिसात एक जागा आहे,” तो हळूच म्हणाला. “बदलीचा अर्ज लिहून खिशात ठेवलाय. पाठवू की फाडू… तेवढं सांगा.”

गल्लीभर ऐकू जाणारा माझा आवाज, वीतभर अंतरावर कुठे गडप झाला कोण जाणे.

“कारण काय लिहिलंय?” मी कसंबसं विचारलं.

“वडिलांची प्रकृती.”

“अण्णा तर ठणठणीत आहेत.”

“मग… काय लिहू?”

मी कात्री खाली ठेवली. हे आरशातून सांगायचं नव्हतं, म्हणून त्याची खुर्ची माझ्याकडे वळवली.

“माझं नाव लिहा.”

तो निम्मे केस कापलेल्या अवस्थेत, अंगावरच्या कापडाखाली, घाईघाईने पेन शोधू लागला.