विहाराच्या यादीतली दोन नावे

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये त्या संध्याकाळी मी सोड्याची रिकामी बाटली दुकानदाराला परत देऊ लागले, तर ती माझ्या हातातून सुटेना. हँडबॉलचा चेंडू निसटू नये म्हणून आम्ही बोटांना राळ लावत असू, आणि त्या दिवशी सरावानंतर ती काढण्याचा मी कंटाळा केला होता. दुकानदार ओढत होता, मी ओढत होते... आणि शेजारचा उंच तरुण हसू दाबण्याचा सभ्य, पण निष्फळ प्रयत्न करीत होता.

"पाण्यानं नाही निघत ते," तो म्हणाला. "राळ आहे. तेल लागते."

"तुमाले कसं माहीत?"

"फाउंड्रीत आहो मी. साच्याच्या रेतीत आमी पण टाकतो."

भजीवाल्याकडून पळीभर तेल आणून त्याने माझ्या तळव्यावर ओतले. बाटली सुटली. तरी मी हात लगेच मागे घेतला नाही, हे आज मान्य करते.

त्याचे नाव तेजराम. सकाळची पाळी सुटली की तो मैदानाच्या कडेला येऊन उभा राहू लागला. भिलाईत माझ्याएवढा जोरकस डावा हात दुसऱ्या कुणा मुलीचा नव्हता. हे मी नम्रपणे नव्हे, खरेपणाने सांगते. पण तो समोर असला की माझा नेम चुके.

"रोज येता. खेळ समजते का?" एकदा मी दटावून विचारले.

"नाही."

"मग कावून येता?"

"तुमी लई पडता. उठता कशा, ते पाहून राहिलो."

मी तोंड फिरवले — हसू त्याला दिसू नये म्हणून.

आमच्या लग्नाला दोन्ही घरांनी होकार दिला. आमच्या समाजाची रीत अशी, की बुद्धपौर्णिमेला खुर्सीपारच्या विहारात सामूहिक मंगलपरिणय व्हायचे. विहाराचे काम पाहणाऱ्या भाऊरावकाकांच्या वहीत नावे चढली, की लग्न ठरले. आणि ज्याने नाव मागे घेतले, त्याने वर्षभर थांबायचे. आमची नावे सातव्या ओळीत होती.

आणि तेव्हाच पत्र आले. भारताच्या संघात माझी निवड झाली होती... स्पर्धेसाठी बँकॉकला निघायचे होते पौर्णिमेच्या तीन दिवस आधी.

या पत्रासाठी मी चार वर्षे गुडघे सोलून घेतले होते. तरी त्याचा आनंद अर्धा दिवसही भोगता आला नाही. 'एक वर्ष थांब' असे कोणत्या तोंडाने सांगावे?  पत्रच तेजरामच्या हाती दिले. त्याने ते दोनदा वाचले, नीट घडी घातली, "बरं," म्हणाला — आणि सायकलवर बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आत्या, सिंधुताई, आमच्या दारात उभी. "माह्या भाच्यानं यादीतून नाव काटलं, बाई. असा शहाणा पोरगा, अन् काय करून बसला पाह्य."

मी सायकल काढली ती थेट विहारात. तो भाऊरावकाकांसमोर सतरंजीवर बसला होता.

"मले न विचारता कावून काटलं?"

"विचारलं असतं, तं तुमी खेळाले नाही म्हटलं असतं... माह्यासाठी."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणून राहिले ना. पोरीनं नकार देल्ला म्हणतात. म्हणू द्या."

"अन् पुढच्या साली पण निवडलं तं?"

"तं त्याच्या पुढची पौर्णिमा."  मग प्रथमच त्याने मला नावाने हाक मारली. "पौर्णिमा दरसाल येते, ललिता. हे पत्र दरसाल येईल का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आले. पण स्वर मी ढळू दिला नाही. "काका, पुढच्या सालचं पान काढा."

"आतापासून? अजून याच सालचे लग्नं..."

"काढा."

त्यांनी चष्मा सावरला आणि कोरे पान उघडले. मी पहिल्याच ओळीत नावे लिहिली — माझे वर, त्याचे खाली.

तेजराम वाकून पाहू लागला. "माहं खाली कावून?"

"थांबणाऱ्याचं खालीच राहते."

त्याने माझ्या बोटांतून पेन हळूच काढून घेतले आणि आपल्या नावापुढे ठसठशीत अक्षरांत लिहिले — 'वाट पाहून राहिलो.'