शटरमागची ठकठक

"तारा, गप! ऐक... आला की नाही आवाज?"

लखनने कारखान्याच्या शटरला कान लावला होता.

ठक्... ठक्...

तारा जागीच थिजली. दिवाळीच्या सुट्टीमुळे लिंबायत या कापड-कारखान्यांच्या वस्तीतली ही गल्ली ओस पडली होती. माग बंद, कामगार गावी. गल्लीतली सगळी पोरं धुळ्या-जळगावच्या गाड्यांत बसून गेली होती. मागे उरला लखन, कारण त्याच्या वडिलांना सुट्टी नव्हती, आणि परभणीकडून मावशीजवळ शिकायला आलेली तारा. शाळा सुरू झाल्यापासून तिने गल्लीतले खेळ ओट्यावर बसूनच पाहिले होते. लखन तिच्याशी बोलला तोही कालच!

"कोण आहे?" लखन ओरडला.

ठक्! ठक्! ठक्!

तारा किंचाळली आणि लखनला तिथेच टाकून सुसाट पळाली.

मावशी कामावर गेली होती. कडी लावून तारा दाराला टेकून बसली. छातीत धाडधाड, तोंडाला कोरड, तळहात ओले. एकच मित्र मिळाला होता, तोही आता हसणार! सांगणार तरी कुणाला? तिने गुडघ्यांत डोकं खुपसलं.

"तारा, उघड! ताईला आणलंय!"

लखनची बहीण सरस्वती नर्सिंग शिकत होती. तिने ताराचं मनगट धरलं. "बाप रे, केवढी धावतेय नाडी!"

"मी भित्री आहे, ताई."

"वेडी! मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. धोका जाणवला की मेंदूचा हुकूम सुटतो आणि त्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. मग हृदय जोरात, श्वास भरभर, रक्त हातापायांकडे. लढ, नाहीतर पळ!"

"मी पळालेच ना!"

"ते शरीराने ठरवलं. आता सावकाश श्वास सोड. पुढचं तू ठरव."

ताराने श्वास सोडला. पुन्हा सोडला. डोकं जरा निवलं आणि ती ताडकन उठली. "लखन! तू हाक मारल्यावर ठकठक वाढली होती! आत माणूस आहे!"

तिघं धावत कारखान्याच्या चौकीदाराकडे गेली. तो चहाच्या टपरीवर मोबाइलमध्ये गुंग होता. "अंदर कोई नहीं है," तो मान वर न करता म्हणाला. "सेठ के हुकुम के बिना ताला नहीं खुलेगा. भागो!"

लखनचा चेहरा पडला. ताराच्या छातीत पुन्हा धाडधाड सुरू झाली. या वेळी तिने पाय जमिनीत रोवले आणि सगळा जोर आवाजात ओतला.

"काका, दौडो! टंकी फूट गई! सेठ के कपड़े के ताके भीग रहे हैं!"

चौकीदार चप्पल विसरून धावला! माणसासाठी न हललेली किल्ली कापडासाठी क्षणात कुलपात फिरली.

शटर वर गेलं. टाकी शाबूत होती. पण दारातच, हातात लोखंडी नळी धरून, एक म्हातारा कामगार पडला होता. ओठ फुटलेले, अंग तापाने फणफणलेलं.

"आनंदाबाबा!" लखन ओरडला.

तापात ते कापडाच्या ढिगामागे झोपले होते आणि काल चौकीदाराने आत न बघताच कुलूप ठोकलं होतं. घसा बसल्याने हाकही फुटत नव्हती.

"घोट घोट घ्या, बाबा," म्हणत सरस्वतीने पाणी पाजलं आणि रुग्णवाहिका बोलावली.

संध्याकाळी दवाखान्यात शेठ आले. त्यांनी चौकीदाराला सर्वांदेखत फैलावर घेतलं आणि मुलांची पाठ थोपटली. मावशी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "ही माझी भाची!"

सगळे गेल्यावर आनंदाबाबांनी ताराला जवळ बोलावलं. "मला कुनी हुडकीत नव्हतं, पोरी. वाट बघनारं हायेच कोन? तू कुन्या गावची गं?"

"पाथरीची, परभणीकडली."

"आगं, म्या सेलूचा!"

तारा खाटेजवळ सरकली. "म्हंजी आपल्याकडलेच की!"

मग सलाईनची बाटली संपली तरी दोघांचं गावाकडचं बोलणं काही संपेना. लखनला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. तरी तो तिच्या शेजारीच बसून राहिला.