शालीचा श्वास

मेलेल्या शालीचा दाखला घ्यायला डॉ. वल्लभ होनराव स्वतःच्याच प्रयोगशाळेत गिऱ्हाईक म्हणून आला होता. इचलकरंजीच्या त्या वस्त्रजीव संस्थेत धागा जन्माला घालायचा वल्लभने आणि मेला की नाही ते ठरवायचं डॉ. फरीदा मोमीनने, अशी वाटणी पहिल्यापासूनची. फरीदाने शाल काचपेटीत ठेवून श्वसनमापक सुरू केला. काटा शून्यावर राहायला हवा होता. तो हलला.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "कुणाची?"

"शलाकाची."

फरीदाने चष्मा काढला. वल्लभची बायको जाऊन आठ महिने झाले होते.

"आणि शाल होती कुठे?"

"कपाटात. ती गेल्यापासून ते कपाट कुणी उघडलेलं नाही. आज उघडलं. म्हटलं, मेलेलं कापड कुंडीत पुरावं, जशी रीत आहे."

रीत वल्लभच्याच शोधातून पडली होती. त्याच्या स्वेदजीवी धाग्यात सूक्ष्मजीव राहत. अंगावरचा घाम नि त्वचेचा कोंडा हे त्यांचं जेवण. बदल्यात ते कापड स्वच्छ ठेवत आणि जिथे झिजेल तिथे नवा धागा विणत. पावडर लावून आपटलं की ते मरत, सावलीत वारा दिला की खूश. अट एकच: कापड अंगावर हवं. दीड-दोन महिने नुसतं घडी करून ठेवलं की उपासमारीने मेलंच. त्यामुळे माणसं वापरतील तेवढंच घेऊ लागली. नदीत रंगाचं पाणी जाणं थांबलं. लग्नात साडीचा आहेर करणं म्हणजे पाहुणीच्या गळ्यात दुभतं जनावर बांधणं झालं. दिवाळीची खरेदी बसली, आणि तिच्याबरोबर वल्लभच्या वडिलांचं, आबांचं, कापडाचं दुकानही. 'पोरानं बापाचं दुकान बुडवलं, तेही शास्त्रोक्त पद्धतीनं,' असं आबा येईल त्याला सांगत. सांगताना थोडा अभिमानही असे, पण तो पोराच्या कानावर जाणार नाही याची काळजी घेत.

"निद्रावस्था असेल," वल्लभ म्हणाला.

"झोपलेलं कापड एवढा श्वास घेत नाही. ही शाल पोटभर जेवलेली आहे."

"मग काहीतरी उरलं असेल तिच्यात. शलाकाचं. त्याच्यावर जगली असेल."

फरीदाने पुन्हा काट्याकडे पाहिलं. संचालक गेली कित्येक वर्षं कपाटात टिकणाऱ्या कापडासाठी वल्लभच्या मागे लागले होते. ही शाल उपाशी जगली असा अहवाल गेला, तर ते उद्या तिच्यापासून सूत काढतील आणि परवा लोक पुन्हा कपाटं भरायला लागतील. पण समोरच्या माणसाला त्यातलं काही नको होतं. त्याला फक्त 'उरलं आहे' एवढंच कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

"वल्लभ, धागा सहा महिन्यांत अख्खा नवा होतो. हे तूच लिहिलंयस. हिच्यात शलाकाच्या वेळचा एक तंतू नाही."

"मग जेवली काय?"

"काय नाही, कोण वाढत होतं ते विचार." फरीदाने पडद्यावर झीजनकाशा आणला. शाल जिथे घासली जाते तिथे ती दाट विणली जाते. तो दाटपणा लाल दिसे. "शलाका शाल खांद्यावर घ्यायची. खांद्याकडे बघ, पातळ पडलीय. लाल आहेत ती ही दोन गोल ठिकाणं, मध्यावर. बसलेल्या माणसाचे गुडघे आहेत हे. घरात तू एकटाच राहतोस का?"

"जवळजवळ," वल्लभ म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

फरीदाने पेटी उघडली. तो वाकला. वास शलाकाचा नव्हता. गुडघ्यांना चोळायच्या निरगुडीच्या तेलाचा होता. ती बाटली दर महिन्याला तोच आणून जेवणाच्या टेबलावर ठेवत असे. दुसऱ्या दिवशी ती तिथे नसे. एकाच घरात राहूनही आबांशी त्याचा एवढाच व्यवहार उरला होता. शलाका होती तेव्हा दोघांची बोलणी तिच्यामार्फत चालत. ती गेली आणि मधली तारच तुटली. तेराव्यानंतर आबा एकदाच म्हणाले होते, 'तिची ती शाल देऊन टाक कुणाला तरी.' म्हाताऱ्याचं काळीज कापडाची ठाणं मोजून मोजून लाकडी झालंय, असं तेव्हा त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. आपण कपाट उघडत नाही म्हणजे ते उघडलंच जात नाही, हेही त्याने तसंच ठरवून टाकलं होतं.

"अहवाल?" फरीदाने विचारलं.

"लिही. शाल वापरात आहे."

तो घरी पोचला तेव्हा दिवे लागायचे होते. कपाट सताड उघडं होतं. पुढ्यात खुर्ची ओढून आबा बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. इतका वेळ बसले असावेत की हाताच्या मुठी सैल करायचंही विसरले होते.

"कुणाला दिलीस?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, देऊन टाक."

"कुणाला तरी म्हणालो होतो." आबांनी आता मान वळवली. "मी कुणातच नव्हतो होय रे?"

वल्लभने पिशवीतून शाल काढून त्यांच्या गुडघ्यांवर ठेवली. आबांनी आधी पोत चाचपला, मग किनार, मग उलटी बाजू. दुकान गेलं तरी बोटं गेली नव्हती.

"तू गेलास की घ्यायचो," ते म्हणाले. "यायच्या आत घडी करून जिथल्या तिथं. मेली असती रे. सुरुवातीला तिच्या वेखंडाचा वास यायचा. आता माझ्याच तेलाचा येतो. असं का होतं?"

का होतं ते वल्लभइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तो जमिनीवर, खुर्चीच्या पायाशी टेकला.

"दोघांनी वापरली तर चालतं का तिला?" आबांनी विचारलं.

"तसा प्रयोग केलेला नाही."

आबांनी शालीचं एक टोक सोडवलं आणि गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडावं तसं त्याच्या मांडीवर पसरलं.

"हात तर लावून बघ," ते म्हणाले. "घेतलंच पाहिजे असं नाही."